एक खाच, चोवीस पिना

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या हाउसचा पडदा काळाच राहिला. टॅब चालू होता, मॉनिटर चालू होता, दोन्हींना टाइप-सी पोर्ट होते आणि केबल दोन्हीकडे टक् करून नीट बसली होती. टॅबवर चार्जिंगची खूणही आली. चित्र मात्र आले नाही. मी केबल काढली, उलटी केली आणि परत लावली. टाइप-सीला उलट-सुलट नसते हे मला माहीत होते, पण परीक्षक समोर उभे असले की माणूस काहीही करतो. शेवटी चेन्नईच्या पावसाचे आमचे आलेख आम्ही फळ्यावर खडूने काढले. तिघांनी महिनाभर प्रेपनंतर बसून केलेले काम कोणी पाहिलेच नाही.

संध्याकाळी फिजिक्सचे सर आले. त्यांनी आपल्या लॅपटॉपची जाड, आखूड केबल लावली आणि पडदा लगेच उजळला. टॅब तोच, मॉनिटर तोच, बदलली ती फक्त केबल. सर म्हणाले, "कारण शोध आणि मला लिहून दाखव." मी लिहून दाखवले. तेच थोडे वाढवून इथे देत आहे, कारण नंतर विचारल्यावर कळले की हा प्रकार आणखी दोन हाउसमध्ये घडला होता आणि दोघांनीही दोष टॅबला दिला होता.

आधी एक गणित करू या. मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. सेकंदाला ६० चित्रे पाठवायची तर गुणाकार येतो २,९८,५९,८४,००० बिट. सोयीसाठी सेकंदाला ३०० कोटी बिट धरा. आपण रोज वापरतो त्या साध्या यूएसबी २.० तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त ४८ कोटी बिट जातात. म्हणजे चित्र तारेपेक्षा सहापट मोठे आहे. बादलीभर पाणी तांब्यात मावत नाही, तसेच हे.

आता जुन्या टॅबच्या पोर्टकडे पाहिले की अडचण कुठे होती ते कळते. २०१० सालच्या पहिल्या आयपॅडला तीस पिनांचे रुंद पोर्ट होते. हे पोर्ट मूळचे २००३ च्या आयपॉडचे. ते बोजड होते, एकाच बाजूने बसायचे, पण त्यात चित्रासाठी वेगळ्या पिना होत्या. २०१२ मध्ये त्याच्या जागी लाइटनिंग आले. ते नाजूक, कसेही लावता येणारे आणि आठ पिनांचे होते. एवढ्या कमी पिनांतून पूर्ण चित्र बाहेर काढायला जागाच नव्हती. मग लाइटनिंगच्या टॅबवरून टीव्हीवर चित्र कसे दिसायचे? २०१३ मध्ये पॅनिक या अमेरिकेतील सॉफ्टवेअर कंपनीने ते अॅडॉप्टर करवतीने कापून पाहिले. आत एक छोटा प्रोसेसर आणि मेमरी निघाली. टॅब चित्र दाबून लहान करायचा, तारेतून पाठवायचा आणि अॅडॉप्टरमधला तो इवलासा संगणक ते पुन्हा उलगडून टीव्हीला द्यायचा. युक्ती हुशारीची होती, पण दाबताना चित्र थोडे खराब होते आणि थोडे उशिराही पोहोचते. बारीक अक्षरांच्या कडेला दिसणारे डाग हे त्याचेच.

अँड्रॉइड टॅबना तेव्हा मायक्रो-यूएसबी असायचे. त्यात पाचच पिना. एमएचएल आणि स्लिमपोर्ट अशा दोन पद्धतींनी त्याच पाच पिनांवर चित्र पाठवण्याची सोय काही कंपन्यांनी केली होती. पण एका पद्धतीचे अॅडॉप्टर दुसऱ्या पद्धतीच्या टॅबला चालत नसे आणि बहुतेक स्वस्त टॅबमध्ये दोन्ही नसत.

टाइप-सीचे प्रमाणित स्वरूप ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या छोट्या खाचेत चोवीस पिना आहेत, बारा वर आणि बारा खाली. मी त्या वहीत काढून मोजल्या. चार पिना वीज आणण्यासाठी आणि चार ती परत नेण्यासाठी, म्हणजे ग्राउंड. चार पिना जुन्या यूएसबी २.० साठी. आठ पिना, म्हणजे चार जोड्या, वेगवान माहितीसाठी. दोन जादा कामांसाठी राखीव. आणि उरलेल्या दोन सीसी नावाच्या, ज्यांच्याकडे आपण पुढे येऊ. चार अधिक चार अधिक चार अधिक आठ अधिक दोन अधिक दोन, झाल्या चोवीस.

चित्र जाते ते त्या वेगवान चार जोड्यांतून. आणि आमच्या प्रदर्शनाचे कोडे इथेच सुटते. मी नेलेली केबल टॅबच्या डब्यातली, चार्जिंगची होती. अशा केबलमध्ये वेगवान जोड्या बहुधा घातलेल्याच नसतात. त्यात वीज, ग्राउंड, सीसी आणि यूएसबी २.० एवढ्याच तारा असतात. त्यामुळे केबल बारीक, लवचिक आणि स्वस्त होते, आणि चार्जिंगसाठी तेवढे पुरते. मॉनिटरने टॅबला वीज दिली, कारण विजेची तार होती. चित्राची तारच नव्हती. दोन्ही टोकांचे प्लग मात्र सरांच्या केबलसारखेच दिसत होते. कंपनीने काही चुकीचे दिले नव्हते. चार्जिंगची केबल चार्जिंगच करत होती, मीच तिच्याकडून भलते काम मागत होतो.

आता त्या दोन सीसी पिना. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच आहे. टाइप-सी चार्जर भिंतीला लावून नुसता ठेवला तर त्याच्या प्लगमध्ये वीज नसते. टॅबच्या आत प्रत्येक सीसी पिनेवर ५.१ किलोओहमचा एक रोधक बसवलेला असतो. केबल जोडली की चार्जरला तो रोधक जाणवतो, समोर वीज घेणारे कोणीतरी आहे हे त्याला कळते, आणि मगच तो ५ व्होल्ट सोडतो. गेटवरच्या संत्रीने ओळख पटल्यावर अडसर उचलावा तसे. प्लग उलटा आहे की सुलटा तेही याच पिनांवरून कळते, कारण दोनपैकी कोणत्या पिनेवर तार आली हे पोर्ट पाहते. पुढचा संवादही याच तारेवरून होतो. चार्जर सांगतो, "माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत." टॅब सांगतो, "मला ९ दे." चित्राचेही असेच. टॅब मॉनिटरला विचारतो, तुला डिस्प्लेपोर्ट समजते का? होकार आला की वेगवान जोड्या यूएसबीचे काम सोडून चित्राच्या कामाला लागतात. याला ऑल्ट मोड म्हणतात.

म्हणजे चित्र यायला तिघांनी हो म्हणावे लागते: टॅब, केबल आणि पडदा. पुष्कळ स्वस्त टॅब आणि फोनमध्ये टाइप-सी खाच असते, पण आतल्या वेगवान पिना प्रोसेसरला जोडलेल्याच नसतात. तिथे कितीही महाग केबल आणली तरी पडदा काळाच राहणार. उलट उदाहरणही आहे. २०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड फाइल पाठवताना यूएसबी २.० च्याच, म्हणजे ४८ कोटी बिटांच्या वेगाने चालतो, पण डिस्प्लेपोर्टचे चित्र मात्र व्यवस्थित देतो. म्हणून दुकानदाराला "टाइप-सी आहे का?" असे विचारून उपयोग नाही. माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउटपुट हे शब्द आहेत का, ते पाहावे. पालकांनी मुलांसाठी टॅब घेताना एवढी एक ओळ वाचली तरी पुष्कळ.

चार्जिंगकडे वळतो, कारण प्रदर्शनात टॅब दिवसभर चालू ठेवायचा असतो. दहाव्या पिढीच्या आयपॅडची बॅटरी २८.६ वॉट-तासांची आहे. संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे २.५ वॉट. भागाकार केला तर बॅटरी भरायला साडेअकरा तास लागतील, तेही टॅब बंद असेल आणि वाटेत काही वाया गेले नाही तर. पडदा चालू असेल तर तेवढी वीज पडदाच खाऊन टाकतो. लॅबमध्ये टॅब संगणकाला लावून ठेवला आणि तरी टक्के उतरले, अशी तक्रार आपण सगळ्यांनी केली आहे. त्यात गूढ काही नाही. २० वॉटच्या चार्जरने हेच काम गणिताने दीड तासाचे होते. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, कारण बॅटरी भरत आली की टॅब स्वतःच वीज कमी घेऊ लागतो.

जास्त वीज द्यायची तर व्होल्ट का वाढवतात, धारा का नाही? दहावीच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. तारेत तयार होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४५ वॉट ५ व्होल्टने न्यायचे तर ९ अँपिअर लागतील. तेच २० व्होल्टने नेले तर सव्वादोन. धारा चौपट कमी, उष्णता सोळापट कमी. मोठ्या मनोऱ्यांवरून लाखो व्होल्टने वीज नेतात त्यामागेही हाच हिशोब आहे. टाइप-सीच्या साध्या केबलमधून ३ अँपिअरपर्यंतच धारा नेण्याची परवानगी आहे. ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या प्लगमध्ये एक छोटी चिप असावी लागते, जी चार्जरला सांगते की मी हे ओझे पेलू शकते. चिपने सांगितले नाही तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. केबलला ओळखपत्र असते हे मला आधी खरे वाटले नव्हते.

चित्र आणि चार्जिंग एकाच खाचेतून एकाच वेळी हवे असेल तर हब लागतो. त्याला एचडीएमआय, यूएसबी आणि चार्जर लावायची टाइप-सी खाच असते. इथेही एक मेख आहे. हबवर वेगवान यूएसबी पोर्ट असतील तर चारपैकी दोन जोड्या त्यांना द्याव्या लागतात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्टच्या नेहमीच्या वेगाला एका जोडीतून सेकंदाला ४३२ कोटी बिट जातात, दोन जोड्यांतून ८६४ कोटी. ४के चित्राला ६० च्या गतीने जवळजवळ १२०० कोटी लागतात. ते मावत नाही, म्हणून असे हब ४के चित्र ३० च्याच गतीने देतात. डब्यावर ४के मोठ्या अक्षरात असते, ३० बारीक अक्षरात. आपल्या वर्गातल्या प्रोजेक्टरला १०८० पुरते, त्यामुळे आपल्याला याचा त्रास नाही. पण पैसे मोजताना माहीत असलेले बरे.

एवढे वाचल्यावर मला वाटले की आता सगळे कळले. आमच्या ताईचा एक जुना मायक्रो-यूएसबीचा टॅब होता. त्याचे पोर्ट ढिले झाले होते, केबल हाताने धरून ठेवावी लागे. मी ठरवले की तिथे टाइप-सी पोर्ट बसवून घ्यायचे, म्हणजे चार्जिंग जलद होईल आणि चित्रही मिळेल. सुट्टीत बाबांबरोबर रिची स्ट्रीटला गेलो. चेन्नईत अण्णा सालैला लागून असलेल्या या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सची न मिळणारी वस्तू नाही. एका दुरुस्तीवाल्या अण्णांनी टॅब उघडला, भिंगाखाली धरला आणि आधी माझे सगळे ऐकून घेतले. मग अर्धे हिंदीत, अर्धे इंग्रजीत म्हणाले, "तंबी, टाइप-सी सॉकेट बसवून देतो. चार्ज होईल. पिक्चर येणार नाही. फास्टही होणार नाही."

मी विचारले, का? त्यांनी बोर्डावरच्या पाच बारीक रेषा दाखवल्या. खाचेकडून आत जाणाऱ्या तारा पाचच. बाहेर चोवीस पिनांचे सॉकेट लावले तरी उरलेल्या पिना जाणार कुठे? शिवाय या टॅबला ९ व्होल्ट मागताच येत नाहीत, कारण ते बोलणे करणारी चिपच त्यात नाही. आणि सीसीचे दोन रोधक लावले नाहीत तर टाइप-सी चार्जर त्याला ओळखणारही नाही. मी वहीत चोवीस पिना काढल्या होत्या, पण त्यांच्या मागे काय जोडलेले असते याचा विचार केला नव्हता.

या रोधकांबाबत मोठ्यांच्याही चुका झाल्या आहेत. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात दोन सीसी पिनांना मिळून एकच रोधक लावला होता. त्यामुळे ओळखपत्राची चिप असलेल्या केबलने तो चालू होईना. चार्जरला वाटे की समोर हेडफोनसारखे काहीतरी जोडले आहे. पुढच्या बोर्डांत ही चूक दुरुस्त झाली. आणि स्वित्झर्लंडमधील केन पिलोनेल या विद्यार्थ्याने २०२१ मध्ये आयफोन १० मध्ये टाइप-सी पोर्ट बसवून दाखवले. त्यासाठी त्याला स्वतःचा सर्किट बोर्ड बनवावा लागला. चार्जिंग झाले, माहितीही गेली. तेही लाइटनिंगला जेवढे जमत होते तेवढेच, पण काम म्हणून ते थोर आहे.

आम्ही ताईच्या टॅबला नवे मायक्रो-यूएसबी सॉकेटच बसवले. अण्णांना टाइप-सीचे जास्त पैसे घेता आले असते, त्यांनी घेतले नाहीत. तिथेच बाजूला ढिगाने स्वस्त केबल विकायला होत्या. बाबांनी एक उचलली तेव्हा मी त्यांना बेन्सन लूंग यांची गोष्ट सांगितली. हे गूगलमधील इंजिनिअर. २०१५ मध्ये त्यांनी स्वतः बाजारातल्या टाइप-सी केबल विकत घेऊन एकेक तपासायला सुरुवात केली. २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा लॅपटॉपच बिघडवला. उघडून पाहिले तर विजेची आणि ग्राउंडची तार उलटसुलट जोडलेली होती, आणि ५६ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा रोधक होता. बाबांनी केबल परत ठेवली.

टाइप-सी सगळीकडे यायला वेळ लागला. आयपॅडमध्येच पाहा: प्रो २०१८ मध्ये बदलला, एअर २०२० मध्ये, मिनी २०२१ मध्ये आणि साधा आयपॅड २०२२ मध्ये. युरोपीय संघाने कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन व टॅबना टाइप-सी सक्तीचे केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे भारतीय मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले.

चेन्नईत राहणाऱ्यांना हा इतिहास फार लांब शोधायला नको. बेंगळुरूच्या रस्त्यावर चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुम्बुदूर आहे. नोकियाचा कारखाना तिथे २००६ मध्ये सुरू झाला. त्या फोनची बारीक गोल पिन घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. ती फक्त वीज न्यायची, बाकी काही नाही. २०१४ मध्ये, ज्या वर्षी टाइप-सीचे प्रमाण प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, तो कारखाना बंद पडला. पुढे ती जागा सालकॉम्प या मूळच्या फिनलंडच्या कंपनीने घेतली, आणि ही कंपनी चार्जर बनवते. २०२३ मध्ये टाइप-सी असलेला पहिला आयफोन, आयफोन १५, बाजारात आला तेव्हा त्याचीही जोडणी श्रीपेरुम्बुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यात होत होती. एका गावाने गोल पिनही पाहिली आणि चोवीस पिनाही.

खाचेची काळजी घेण्याबद्दल एवढेच सांगतो. लाइटनिंगमध्ये स्प्रिंगच्या पिना टॅबच्या आत असत. टाइप-सीमध्ये त्या केबलच्या प्लगमध्ये आहेत, त्यामुळे झीज आधी केबलची होते. पण टाइप-सी खाचेच्या मधोमध एक पातळ जीभ असते. प्लग तिरका ओढला तर ती तुटते, आणि मग अण्णांकडे जावे लागते. खिशातला कापूस-धूळ आत बसली तर लाकडी टूथपिकने हळूच काढावी, टाचणीने नाही. घामाने ओला टॅब लगेच चार्जिंगला लावू नये. चेन्नईत हे वर्षातून दहा महिने लागू आहे.

प्रदर्शनानंतर हाउसच्या कपाटासाठी एक पूर्ण तारांची केबल घेतली. दोन्ही टोकांना मी लाल टेप गुंडाळली आहे आणि त्यावर पेनने "चित्र" असे लिहिले आहे. गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने ती चार्जिंगला नेली. चार्जिंग तर तिनेही होतेच, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता आला नाही. मी फक्त परत मागून घेतली, कारण शनिवारी आमचे सादरीकरण आहे.